पोटाचा सराव कोण करणार?

पोट्टेहो, आज एकही फेरी मारायची नाही. बूट काढा, सावलीत बसा आणि ऐका. मी बोलत असताना ज्याला फोन चाळायचा असेल त्याने आत्ताच घरी जावं.

पावसाळ्यापासून तुम्ही पळताय. वर्ध्याहून सेवाग्राम आणि परत, रविवारी पवनारला धाम नदीपर्यंत. चिखल म्हटला नाही, धुकं म्हटलं नाही. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी येणारी पोरंसुद्धा तुमच्या मागे लागून २१ किलोमीटरपर्यंत आली. तुमच्या पायांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण मॅरेथॉनच्या दिवशी ३० किलोमीटर झाले न झाले तोच तुमच्यातले निम्मे रस्त्याच्या कडेला दिसले. कोणी कमरेवर हात ठेवून उभा, कोणी दुभाजकावर बसलेला, कोणी ओकतोय. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. काल रात्री काय खाल्लं आणि आज सकाळी काय खाल्लं?

एकाने सांगितलं, काहीच नाही सर, पोट हलकं राहावं म्हणून. दुसरा आदल्या रात्री नातेवाइकांकडे उतरला होता. तिथे सावजी रस्सा झाला आणि सकाळी रस्त्यावर तर्री पोहे. तिसऱ्याने आदल्या दिवशी कुठून तरी गोड जेलच्या पिशव्या आणल्या. आयुष्यात त्याने त्या कधी चाखल्या नव्हत्या. १८व्या किलोमीटरला दोन एकदम पोटात ढकलल्या आणि पुढचा सगळा वेळ आडोसा शोधत काढला. चौथा नुसत्या दोन कप चहावर आला होता. पाचव्याने सुरुवातीलाच दुखण्याची गोळी घेतली, आता दुखेल म्हणून आधीच. पाच पोरं, पाच तऱ्हा, आणि आपण काय केलं हे एकालाही कळलेलं नाही.

नांगरणीच्या आदल्या रात्री बैलाला उपाशी दावणीला बांधणारा शेतकरी तुमच्या गावात आहे का? असला तर गाव त्याला काय म्हणतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही शेतकऱ्यांची पोरं. बैलाच्या वैरणीची काळजी तुम्हाला शिकवावी लागत नाही. मग स्वतःच्या देहाची का शिकवावी लागते?

आता हिशेब ऐका. माणूस पळतो तेव्हा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोचा पोरगा ४२.१९५ किलोमीटर पळाला की झाल्या अडीच हजार. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. नीट जेवलेल्या माणसातही तो ५०० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे सुमारे २००० किलोकॅलरी. करा वजाबाकी. चरबी तुमच्यातल्या सर्वांत काटकुळ्याच्या अंगावरही पुरेशी आहे, पण तिच्यातून शक्ती सावकाश निघते. वेग धरला की शरीर साखर मागतं. ती संपली की पाय जड होतात, डोकं चालत नाही, रडू येतं. ३० ते ३२ किलोमीटरच्या दरम्यान तुमचं जे झालं ते हे. त्याला नशीब म्हणू नका, आणि जिद्द कमी पडली असंही म्हणू नका. जिद्द होती. पोटात काही नव्हतं.

यातलं माझ्या मनाचं काही नाही. अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९२४ साली डॉक्टरांनी शर्यत संपवलेल्या धावपटूंचं रक्त तपासलं. अनेकांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली होती, आणि जे पांढरेफटक पडले होते, गोंधळल्यासारखे बोलत होते, ते नेमके हेच. पुढच्या वर्षी, १९२५ला, काही धावपटूंना आधी भरपूर कर्बोदकं खायला लावली आणि वाटेत चघळायला गोळ्या दिल्या. त्यांची साखर टिकली आणि तेही टिकले. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. तुम्ही अजून रिकाम्या पोटी उभे राहताय.

पुढचं स्वीडनमधलं आहे. बेरीस्ट्रोम आणि हुल्टमन हे दोन संशोधक एकाच व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना बसले. प्रत्येकाने एकाच पायाने पायडल मारलं, दुसरा पाय मोकळा ठेवला. पाय पार थकेपर्यंत हे चाललं. नंतर काही दिवस दोघांनी भात-बटाटा-ब्रेड जातीचं कर्बोदकांचं जेवण घेतलं आणि मांडीतून सुईने स्नायूचा कण काढून रोज मोजणी केली. ज्या पायाने काम केलं होतं त्यात साठा दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला. हे १९६६ साली छापून आलं. त्यातून तुम्ही दोन गोष्टी घ्यायच्या. एक, साठवण्याची ताकद पळणाऱ्याच्या स्नायूलाच येते, ती तुम्ही पावसाळ्यापासून कमावली आहे. दोन, साठा भरायला दिवस लागतात. शर्यतीच्या आदल्या रात्री नऊ वाजता ताटावर तुटून पडलात तर भरतं ते पोट, स्नायू नाही. सकाळी ते जेवण आतड्यात असतं आणि तुम्ही रस्त्यावर.

म्हणून शर्यतीआधीचे दोन दिवस पळणं अगदी कमी आणि खाणं मोजून. वजनाच्या दर किलोला दिवसाला ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं, ६० किलोच्या पोराला निदान ४८०. चेहरे पाडू नका, घरातलंच आहे. १०० ग्रॅम कच्चे पोहे भिजवून साधे परतले की ७५ ग्रॅम आले. दुपारी दीडशे ग्रॅम तांदळाचा भात आणि पातळ वरण, १३० आले. दिवसभरात चार केळी, १००. चार वाजता ५० ग्रॅम गूळ, ४५. रात्री पुन्हा तेवढाच भात आणि दोन पोळ्या, दीडशेच्या घरात. झाले ५००. यात विकतची पावडर कुठे आली? जिममधल्या कोणाच्या तरी सांगण्यावरून डबा आणायला वडिलांकडे पैसे मागणाऱ्यांनो, त्या डब्यात बहुतेक प्रथिनं असतात. प्रथिनांची गरज आहे, पण ती रोजच्या वरणातून, दुधातून, अंड्यातून वर्षभर भागवायची. शर्यतीच्या आदल्या दिवशी तुम्हाला लागतो तो भात.

या दोन दिवसांत वजन किलो-दीड किलोने वाढेल. घाबरायचं नाही. साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तुमच्यातला एकजण वजन वाढलं म्हणून त्या रात्री जेवला नव्हता. त्याला वाटलं आपण शिस्त पाळली. शिस्त नव्हती ती, अडाणीपणा होता.

आता भाकरीबद्दल बोलतो, कारण यावर तुम्ही वाद घालता. ज्वारीची भाकर हे आपल्या भागातलं उत्तम अन्न आहे आणि सरावाच्या सगळ्या महिन्यांत ती रोज ताटात हवी. पण तिच्यात चोथा आहे, ती सावकाश पचते. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर भाकर बंद, भात सुरू. त्या दिवशी हिरव्या तुरीचे सोले नाहीत, हरभऱ्याचे घाटे नाहीत, हुरडा नाही, कच्चा कांदा नाही, मूठ-मूठ शेंगदाणे नाहीत. मोठ्या शर्यती जानेवारीच्या आसपास असतात आणि शेतात नेमका याच सगळ्याचा हंगाम असतो, हे मला माहीत आहे. हुरडा पुढच्या रविवारी खा. ज्यांना दूध बाधतं त्यांनी रात्रीचं दूध टाळायचं. ज्यांचा उपवास असेल त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाताना दाण्याचा कूट आणि तूप निम्म्याने कमी करायचं. साबुदाणा स्वतः जवळपास निव्वळ पिष्ट आहे, तो चालतो. पोट जड करतो तो त्याच्याबरोबरचा कूट आणि तूप.

सकाळचं. शर्यत ६ला सुटणार असेल तर ३ला उठायचं. रात्रभरात यकृतातला साठा बराच उतरलेला असतो, तो भरून घ्यायचा. शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी ६० ते १०० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे बिनतर्रीचे, कमी तेलाचे पोहे आणि दोन केळी. पोहे जात नसतील तर गूळ-पोळी, तीही तुपाशिवाय. रोज चहा घेत असाल तर एक कप घ्या, घेत नसाल तर त्या दिवशी सुरू करू नका. झोप महत्त्वाची म्हणून साडेपाचला उठणारे मला माहीत आहेत. शर्यतीच्या आदल्या रात्री तशीही कोणाला धड झोप लागत नाही. उठा आणि खा.

वाटेत पाऊण तासानंतर सुरुवात करायची, भूक लागायच्या आधी. तासाला ३० ते ६० ग्रॅम. एक केळं २५ ग्रॅम देतं, २५ ग्रॅम गुळाचा खडा २०च्या वर देतो. जेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. खिशात मावतं, पटकन गिळता येतं. पण एका पिशवीच्या पैशांत डझनभर केळी येतात, आणि घ्यायचंच असेल तर सरावात, लांब पळण्याच्या रविवारी, चार-पाच वेळा घेऊन बघायचं. पायांना सराव दिलात, फुप्फुसांना दिलात. पळता पळता पचवणं हीसुद्धा शिकवावी लागणारी गोष्ट आहे, कारण पळताना रक्त पायांकडे जातं आणि आतड्याच्या वाट्याला थोडंच उरतं. ओळखीचं अन्न त्या थोड्यात निभावतं, अनोळखी निभावत नाही. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये क्युबाचा फेलिक्स कारवाहाल हा टपाल वाटणारा गडी मॅरेथॉन पळाला. भुकेला होता. वाटेत एका बागेतली सफरचंदं खाल्ली आणि पोट धरून आडवा झाला, असं सांगतात. उठून पळाला आणि तरीही चौथा आला. विचार करा, त्या माणसाने सकाळी नीट जेवण केलं असतं तर?

पाण्याचं थोडक्यात. तहान लागेल तसं प्या, प्रत्येक टेबलावर प्यायचा नेम करू नका. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं होतं. त्यामागचं मोठं कारण होतं वाटेत गरजेपेक्षा जास्त प्यायलेलं पाणी, इतकं की पळून त्यांचं वजन कमी होण्याऐवजी वाढलं होतं. उन्हाळ्यात वर्ध्याच्या रस्त्यावर लांब पळायचं तर लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी सोबत ठेवा. आणि दुखण्याची गोळी घेऊन पळायचं नाही. घाम गेलेला असताना ती मूत्रपिंडावर येते. याबद्दल चर्चा नाही. खर्रा तोंडात धरून सरावाला येणाऱ्या दोघांना मी वेगळा भेटणार आहे.

आता तुमचं ते आवडतं वाक्य घेऊ. "सर, बापू तर उपवास करायचे." वर्ध्यात राहून हे बोलता, याचा मला खरा राग येतो. दांडीयात्रा तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली, परीक्षेपुरती. १२ मार्च १९३०ला साबरमतीहून निघून ६ एप्रिलला समुद्रावर मीठ उचललं, सुमारे ३८५ किलोमीटर, वय ६१वं चालू. निघण्यापूर्वी या माणसाने वाटेतल्या गावांना कळवलं होतं की आम्हाला जेवायला काय द्यावं. पहाटे राब नावाची पेज आणि ढेबरं. दुपारी भाकरी, भाजी, दूध किंवा ताक. संध्याकाळी चालायला लागण्यापूर्वी भाजलेले चणे, मुरमुरे. रात्री खिचडी. आणि तूप दिवसाला माणशी तीन तोळ्यांहून अधिक नको, त्यातलं किती राबेत, किती भाकरीवर, किती खिचडीत, तेही सांगितलेलं. गोडधोड नको म्हणून बजावलेलं. लांब चालणाऱ्या माणसाने चालण्यापूर्वी काय खावं याचा इतका नेटका आराखडा नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी झाला, आणि तो करणारा माणूस साबरमतीला परत न जाता पुढे आपल्या वर्ध्यात येऊन राहिला.

इथल्याच मगनवाडीत १९३५ साली सोयाबीनचे प्रयोग झाले. किती भिजवायचं, किती शिजवायचं, कोणाला सोसलं, याच्या नोंदी गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकात छापल्या गेल्या. गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या ग्रामोद्योग संघाने तिथेच हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्याआधी १९२९ साली गांधीजींनी कच्च्या अन्नाचा प्रयोग केला होता. हगवण लागली तेव्हा थांबवला आणि जमलं नाही हे जाहीर लिहिलं. स्वतःच्या देहावर प्रयोग करायचा, मोजायचा, लिहायचा, चुकलं तर तसं सांगायचं, ही या गावाची शिकवण आहे. तुमच्यातल्या कोणाकडे एक वही आहे? मागच्या लांब पळण्याआधी काय खाल्लं, किती वाजता, कितव्या किलोमीटरला पोट दुखलं, हे कोणी लिहिलंय? घड्याळातले आकडे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ. वेग, ठोके, चढ. पोटाचा आकडा कोणाकडेच नाही.

मुलींनो, तुम्ही मागे बसलात म्हणून सुटलात असं समजू नका. तुमच्याशी बोलायचं आहे आणि त्याहून जास्त तुमच्या घरच्यांशी. तुमच्यातल्या दोघी-तिघी आठव्या-दहाव्या किलोमीटरला धापा टाकतात. मी आधी त्यांना आळशी म्हणणाऱ्या मुलांना गप्प करतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, हे सरकारच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत आलेलं आहे. रक्तात हिमोग्लोबिन नसेल तर प्राणवायू वाहून नेणार कोण? दोन दिवस भात खाऊन हे भरून येत नाही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. सुशीला नायर यांनी तिथे १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं ते खेड्यातल्या माणसांसाठी. जा, रक्त तपासा, डॉक्टर सांगतील त्या गोळ्या नेमाने घ्या. जेवताना लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. पाळी चुकायला लागली असेल तर पळण्याने होतंच असं समजून गप्प बसू नका. शरीर सांगतंय की खर्चाएवढं अन्न येत नाही. हाडं ठिसूळ होतील तेव्हा उशीर झालेला असेल.

आणि आई-वडिलांनो, तुम्हीही कान उघडून ऐका. मुलगी पहाटे १५ किलोमीटर पळून येते, घरचं काम करते, कॉलेजला जाते, आणि रात्री वडील-भाऊ जेवल्यावर उरलेलं खाते. भावाच्या ताटात अंडं, तिच्या ताटात रस्सा. वरून तुम्ही मला विचारता, सर, हिला बक्षीस का नाही मिळत? ललिता बाबर साताऱ्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यातल्या शेतकरी घरातली. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी तीन वर्षं ती भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली. कविता राऊत नाशिकच्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी, त्याच रिओत मॅरेथॉन पळाली. तुमच्या मुलीत काय कमी आहे ते आधी तिच्या ताटात बघा, मग माझ्याकडे या. ज्या घरात मुलगी शेवटी जेवते त्या घरातल्या मुलीला मी ४२ किलोमीटर पळवणार नाही. वडील स्वतः येऊन सांगतील की ती आता आमच्याबरोबर ताटावर बसते, तेव्हाच तिचं नाव लिहीन.

येत्या रविवारी २८ किलोमीटर आहेत, पवनारमार्गे. शुक्रवारपासून काय खाल्लं ते प्रत्येकाने लिहून आणायचं, वजनासकट, वेळेसकट. पहाटे साडेतीनला खाऊन यायचं, खिशात गूळ किंवा केळं असलं पाहिजे. साडेसहाला सुरुवात. ज्याची वही कोरी असेल त्याने त्या दिवशी पळायचं नाही, सायकलवर बसून इतरांना पाणी द्यायचं.